बोटभर आहे तोवर उपटूया: आपल्या सोसायटीच्या कमिटीला आणि सगळ्या मेंबर्सना खुलं पत्र

कमिटीतले सगळे काका-काकू, आणि कमिटीत नसलेले पण रोज त्याच गेटमधून ये-जा करणारे आपण सगळे,

पाऊस सुरू होऊन आज आठ-नऊ दिवस झाले. काल संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले तेव्हा मागच्या मोकळ्या प्लॉटच्या भिंतीपाशी जरा वाकून बघितलं आणि ज्याची भीती होती तेच दिसलं, गाजर गवत उगवलंय. आत्ता बोटभर आहे, पानं जमिनीला टेकून गोल पसरलेली, कोवळ्या गाजराच्या पाल्यासारखी, कुणालाही वाटेल काय छान हिरवंगार झालंय. अजून महिन्याभरात ते कमरेला लागेल, त्याला साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या फुलांचे झुबके येतील आणि मग आपल्या बी आणि सी विंगमध्ये सकाळच्या शिंका सुरू होतील. हे मी अंदाजाने बोलत नाहीये, माझ्याकडे दोन वर्षांची वही आहे, त्यात तारखा आहेत. गेल्या वर्षी मी फुलं आल्यावर बोलले होते आणि तेव्हा फार उशीर झाला होता, म्हणून या वेळी आत्ताच लिहितेय.

माझी लेक आता चौथीत आहे. बालवाडीत असल्यापासून पावसाळ्यात तिचं नाक गळायचं, आम्ही म्हणायचो सर्दीचा कोठा आहे, तिच्या बाबांचा पण तसाच. मग आलं-तुळशीचा काढा, ओव्याची पुरचुंडी, रात्री हळद-दूध, आणि तरी नाही थांबलं की दवाखाना, दोन वर्षांत चार वेळा तरी अँटिबायोटिक देऊन झालं असेल. ताप कधीच नसायचा. नाकातून येणारं पाणी अगदी स्वच्छ, पातळ. उठल्या उठल्या ओळीने दहा-बारा शिंका, डोळे लाल, आणि सारखं तळहाताने नाक खालून वर घासायचं. ती सवय मोडावी म्हणून मी तिला खूप रागावलेय, एकदा लग्नात चारचौघांसमोर हातावर फटका पण दिलाय, तो मला अजून आठवतो. नंतर एका डॉक्टरबाईंनी तिच्या नाकावरची बारीक आडवी घडी बघितली आणि म्हणाल्या ही सवय नाहीये हो, ही खाज आहे, घासून घासून तिथे रेघ पडते, ॲलर्जीच्या मुलांमध्ये आम्ही हे नेहमी बघतो. रात्रीचा कोरडा खोकला पण त्यातलाच निघाला. नाक आणि फुप्फुस हा एकच रस्ता आहे, वर सूज असली की खाली पण त्रास होतो, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं पण नव्हतं.

पुढे हातावर थेंब टाकून टोचून बघायची टेस्ट केली. वीस मिनिटांत गाजर गवताच्या थेंबाला चांगली मोठी गांधी उठली, दुसऱ्या गवतांच्या परागाला त्याहून लहान, घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांना, म्हणजे ते डस्ट माइट म्हणतात त्यांना, थोडीशी. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाकातला स्प्रे आणि तोंडाने ओढायचा पंप मी लिहून देते, ते नेमाने घ्या, पण तुमच्या घराभोवती काय चाललंय ते मला इथे बसून दिसणार नाही, ते तुम्हालाच बघायला लागेल. एक वही करा.

तर ती वही. दोनशे पानी साधी वही, त्यात रोज रात्री चार ओळी. आज शिंका किती, रात्री खोकून उठली का, पाऊस होता का ऊन का वारा, खिडक्या उघड्या होत्या का, आणि आजूबाजूला काय झालं, म्हणजे कुठे खोदलं, कुठे रंग लावला, कुठे धूर होता, कुठलं झाड फुललं. पहिला महिना मला वाटलं उगाच लिहितेय, सगळे दिवस सारखेच दिसत होते. खरं म्हणजे मीच बघत नव्हते. सहा वर्षं या बिल्डिंगमध्ये राहून मागच्या प्लॉटमध्ये काय उगवतं ते मला माहीत नव्हतं, गेटपाशी कुठलं झाड आहे ते माहीत नव्हतं, सफाईवाल्या मावशी झाडलेला पाला कुठे नेतात ते माहीत नव्हतं. आपण पार्किंगमधून लिफ्ट आणि लिफ्टमधून घर एवढंच बघतो. लिहायचंय म्हणून मी जिन्याने जायला लागले, टेरेसवर जायला लागले, आणि मग हळूहळू दिसायला लागलं.

आणि तिसऱ्या महिन्यात एका पानावर माझा हात थांबला. त्या वर्षी सगळ्यात वाईट दोन आठवडे कुठले होते, तर एक १५ ऑगस्टच्या आधीचा आणि एक गणपतीच्या आधीचा. १३ ऑगस्टच्या रात्री आम्ही दोघं तिला बसवून वाफ देत होतो, पंपाचे डोस देऊन पण छातीतली घरघर थांबत नव्हती, पहाटे दवाखान्यात नेऊन नेब्युलायझर लावावा लागला. त्याच पानावर मीच वर लिहिलं होतं, "आज दिवसभर मशीनने मागचं गवत कापलं, झेंडावंदनाची तयारी." दुसऱ्या वर्षीच्या पानांवर पण तेच, फक्त तारखा दोन दिवस पुढेमागे.

कमिटीला माझी विनंती आहे की हे जरा शांतपणे वाचा, मी कुणावर खापर फोडत नाहीये, कुणीही वाईट हेतूने काही केलेलं नाही. आपण वर्षातून दोनदा गवत काढतो, झेंडावंदनाच्या आधी आणि गणपतीच्या आधी, कारण तेव्हा बाहेरचे लोक येतात, फोटो निघतात. पण नेमके तेच दिवस गाजर गवत भर फुलात असतं. त्यावर ते फिरत्या पात्याचं मशीन चालवलं की सगळी फुलं कुस्करून पराग आणि पानांचा भुगा हवेत उडतो, वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे तो सरळ आपल्या खिडक्यांवर येतो. आणि मुळं जमिनीतच राहतात म्हणून पंधरा दिवसांत बुडापासून पुन्हा फुटवे येतात आणि गणपतीला पुन्हा मशीन. आपण पैसे खर्च करून, अगदी चांगल्या मनाने, वर्षातल्या सगळ्यात चुकीच्या दिवशी गवत कापतोय.

मला हे गवत नीट ओळखायला शिकवलं ते पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी, त्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या, आता रिटायर्ड आहेत. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले तर त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी कपाटातून जुना मायक्रोस्कोप काढला. काचपट्टीला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा, आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर दिवसभर ठेवायची आणि संध्याकाळी त्यांच्याकडे न्यायची, असं आम्ही ऑगस्ट-सप्टेंबरभर केलं. त्यांनी सांगितलं की ही युक्ती काही नवीन नाही, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला चार्ल्स ब्लॅकली नावाचे एक डॉक्टर होते, त्यांना स्वतःला उन्हाळ्यात शिंकांचा त्रास व्हायचा, त्यांनी चिकट काचपट्ट्या लावून हवेतले पराग मोजले, उंचावर किती असतात ते बघायला पतंगाला पट्ट्या बांधून वर सोडल्या, आणि १८७३ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की हा त्रास परागामुळे होतो. तोपर्यंत लोक उष्णतेला, उन्हाला, वाळलेल्या गवताच्या वासाला दोष देत होते. दीडशे वर्षं झाली आणि आपण अजून "उष्णता झाली असेल" म्हणतो, मी पण म्हणायचे.

मायक्रोस्कोपमध्ये पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येत नाही. बारीक गोल गोळे, सगळ्या अंगावर आखूड काटे. चौथ्या मजल्यावरच्या पट्टीवर. लेकीने पण डोळा लावून बघितलं आणि विचारलं, हे माझ्या नाकात जातं? आणि मग ती शांत झाली, म्हणजे घाबरली नाही, उलट तिला बरं वाटलं असावं, कारण इतकी वर्षं सगळे तिला सांगत होते की तूच आइसक्रीम खाल्लंस, तूच पावसात भिजलीस, तूच स्वेटर घातला नाहीस.

या गवताची गोष्ट आपल्या गावाशी फार जवळून बांधलेली आहे. मूळचं ते मेक्सिको आणि त्या बाजूच्या अमेरिकेतलं. भारतात ते पसरायला लागलं त्याची पहिली नोंद पुण्यातलीच, १९५५ च्या आसपासची, अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं जुने लोक सांगतात. आज काश्मीरपासून खालीपर्यंत सगळीकडे आहे, रस्त्याकडेला, रेल्वे रुळांच्या बाजूने, पडीक शेतात, कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. एका झाडाला दहा-पंधरा हजार बी सहज येतं, चांगलं माजलं तर वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातं, आणि ते बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. म्हणजे आपण गेल्या ऑगस्टमध्ये मशीन फिरवून जे बी उडवलं तेच आत्ता भिंतीच्या अलीकडे, आपल्या मुलांच्या घसरगुंडीपाशी उगवलंय, जाऊन बघा, तीन वर्षांपूर्वी तिथे एक झाड नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते जी मला हे पत्र लिहिताना सगळ्यात जास्त टोचत होती. हे फक्त माझ्या मुलीचं नाही.

आपले माळीकाका. त्यांची मान बघितलीय का कुणी गेल्या पावसाळ्यात? मी रोज त्यांना बघत होते आणि बघत नव्हते. पापण्या सुजलेल्या, मानेची कातडी काळी पडून हत्तीच्या कातडीसारखी जाड, कोपराच्या आतल्या घडीत चिरा, हात तर रात्रभर खाजवून रक्ताळलेले. आपण सगळ्यांनी त्यांना काही ना काही सांगितलं, कुणी म्हणालं नायटा आहे मलम लावा, कुणी म्हणालं दारू कमी करा (ते पीत नाहीत), कुणी म्हणालं साबण बदला. मी स्वतः त्यांना कोरफडीचा गर दिला होता. ते बिचारे मेडिकलमधून ट्यूब आणून लावायचे, आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. वही ठेवायला लागल्यावर मला दिसलं की लेकीचे वाईट दिवस आणि त्यांचे वाईट दिवस एकच आहेत. मी बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अगं या झाडात पार्थेनिन नावाचं एक द्रव्य असतं, पानात, खोडावरच्या केसांत, सगळीकडे, वर्षानुवर्षं हात लागून लागून काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी बसते आणि एकदा बसली की मग वाळलेल्या झाडाची हवेत उडणारी धूळ पण पुरते, म्हणून उघड्या भागावर येतं, पापण्या, मान, कोपर. शेतात राबणाऱ्या किती तरी लोकांना हे असतं. मग आम्ही काकांना कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तिथे पॅच टेस्टमध्ये तेच निघालं.

अकरा वर्षं ते आपल्याकडे काम करतायत. अकरा वर्षं दर पावसाळ्यात आपण त्यांना उघड्या हातांनी ते गवत उपटायला लावलं, नंतर मशीन दिलं, तेही हातमोज्यांशिवाय, मास्कशिवाय, अर्ध्या बाहीच्या शर्टवर. त्यांनी दोनदा मला सांगितलं होतं, "ताई, या गवताला हात लावला की पेटतं अंग." मी हो हो म्हणाले आणि वर गेले. मला त्याची फार लाज वाटते आणि ती इथे सगळ्यांसमोर लिहायला मला संकोच नाही.

म्हणून मी काय मागतेय ते स्पष्ट लिहिते. पहिला पाऊस झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत, कळ्या धरायच्या आत, गाजर गवत मुळासकट उपटायचं. माती ओली असते, बोटभर रोप सहज येतं, मुळाचा सोटा अख्खा निघतो. पूर्ण बाहीचे कपडे, रबराचे हातमोजे, तोंडाला मास्क, घरी आल्यावर अंघोळ आणि कपडे वेगळे धुवायचे. फुलं नसताना उपटलेलं असेल तर खतात जाऊ शकतं, बी धरलेलं असेल तर मुळीच नाही. पंधरा दिवसांनी दुसरी फेरी, कारण सगळं बी एकदम उगवत नाही, सप्टेंबरपर्यंत अशा चार फेऱ्या. तारीख ठरवताना पालखीचा हिशोब धरू नका, माझ्या सासूबाईंनी तसंच सुचवलं होतं, पालखी पुण्यातून गेली की करायचं, पण अधिक महिना आला की पालखी पुढे जाते आणि गवत काही थांबत नाही. पाऊस बघून ठरवायचं. तणांवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था जबलपूरला आहे, ती दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह करते, ते चांगलंच आहे, पण आपल्या अंगणात त्याची वाट बघत बसलो तर तोवर इथे फुलं उमलून गेलेली असतात.

प्लॉट आपला नाही हे मला माहीत आहे. मालकांशी फोनवर बोलून मी आत जायची परवानगी घेतलीय, ते हो म्हणाले, त्यांना फक्त कुणी विचारलं नव्हतं. बाई म्हणतायत की उपटलेल्या जागी टाकळ्याचं बी फेकू, कोकणातल्या लोकांना माहीत असेल, पहिल्या पावसात त्याची कोवळी भाजी करतात तोच टाकळा, तरोटा पण म्हणतात. तो दाट उगवला की गाजर गवताला जागा मिळत नाही. एक किडा पण आहे, मेक्सिकोहूनच आणलेला, ऐंशीच्या दशकात बंगळूरला सोडला होता, तो फक्त याच्या पानांवर ताव मारतो. पांढुरक्या पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा. दिसला तर कृपा करून चिरडू नका, आणि तो दिसतोय म्हणून औषध मारायला कुणाला बोलवू नका.

मागच्या मीटिंगमध्ये एका काकांनी मला विचारलं होतं की अगं पावसाने पराग खाली बसत असतील ना, मग पावसाळ्यात कसला त्रास. प्रश्न बरोबर आहे, रिपरिप पाऊस दिवसभर असला की हवा खरंच धुतली जाते, वहीत पण तसे दिवस चांगले आहेत. त्रास होतो तो उघडीप पडली की, दोन-तीन दिवस ऊन आणि वारा. आणि वादळी पावसाचं वेगळंच आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ ला संध्याकाळी वादळ आलं, गवताचे पराग ओलाव्याने फुटून त्यांचे अगदी बारीक तुकडे झाले, ते थेट फुप्फुसात गेले आणि हजारो माणसं एकदम दवाखान्यात पोचली, दहा जण दगावले. त्यातल्या कित्येकांना आधी दम्याचा त्रास नव्हता, फक्त शिंका यायच्या. तिथली गवतं वेगळी आणि हवा वेगळी, आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण वळवाच्या पावसाआधीचं ते धुळीचं वारं सुटलं की मी खिडक्या लावून घेते, आणि ज्यांच्या घरी दम्याचं माणूस आहे त्यांनी पण लावाव्यात.

आता सातवीण. गेटजवळच्या दोन सातवीणी तोडा म्हणून सह्यांचा कागद फिरतोय, माझ्याकडे पण आला, माझ्या मुलीच्या नावाने सही करा म्हणाले. मी केली नाही. कोजागिरीच्या सुमाराला त्या फुलतात, संध्याकाळ झाली की वास एवढा दाटतो की काहींचं डोकं दुखतं, काहींना मळमळतं, दम्याच्या माणसाला उग्र वासाने त्रास होऊ शकतो, हे सगळं खरं आहे आणि ज्यांना होतो त्यांना मी खोटं पाडत नाही. पण बाईंनी मला एक गोष्ट समजावली ती माझ्या डोक्यात पक्की बसलीय. जे फूल वासाने, रंगाने किड्यांना बोलावतं, त्याचा पराग जड आणि चिकट असतो, तो किड्याच्या अंगाला चिकटून जातो. ज्याला किड्याची गरज नाही ते फूल दिसत पण नाही आणि त्याला वास पण नसतो, ते वाऱ्यावर पराग सोडून देतं, ढीगभर. आमच्या काचपट्टीवर सातवीणीचा पराग जवळजवळ सापडलाच नाही, आणि ज्या हरळीच्या लॉनकडे कुणी बघत नाही तिचे गुळगुळीत गोल पराग मात्र भरपूर. शिवाय झेड पूलकडच्या रस्त्यावरचा तो वावळ, जानेवारी-फेब्रुवारीत पानं गळून त्याला बारीक हिरवट फुलं येतात, फुलं आली हेच कुणाला कळत नाही, त्याचा पराग ॲलर्जीसाठी चांगलाच कुप्रसिद्ध आहे, आणि लोक मात्र दोन महिन्यांनी उडणाऱ्या सावरीच्या कापसाला नावं ठेवतात. कापूस डोळ्यांना दिसतो म्हणून. तर सातवीणीच्या फांद्या खिडकीत आल्या असतील तर रीतसर परवानगी घेऊन छाटू, त्याला १९७५ चा झाडांचा कायदा आहे आणि महापालिकेत अर्ज करावा लागतो, पण झाड नको पाडूया. पुढच्या वेळी लावताना मात्र एकाच जातीची रांग लावायची नाही एवढं ठरवू. आणि लॉनचं गवत तुरे यायच्या आत कापा, सकाळी सातला नको, तेव्हा शाळेच्या बसला चाळीस मुलं तिथेच उभी असतात.

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पानांवर एकच शब्द सारखा येतो, धूर. थंडीत पुण्याची सकाळ तुम्हाला माहीत आहे, टेकड्यांच्या मध्ये गार हवा खाली बसून राहते, वर जातच नाही, टेरेसवरून बघितलं तर सात-साडेसातपर्यंत एक राखाडी थर दिसतो. त्यात आपल्या मागच्या कोपऱ्यात पाला पेटवलेला असतो. पराग निदान मोठे असतात, बरेचसे नाकात अडकतात, धुराचे कण अडीच मायक्रॉनच्या पण खालचे, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या भागाएवढे, ते खोल जातात, आणि आधीच सुजलेल्या नळ्यांवर हे म्हणजे भाजलेल्यावर मीठ. उघड्यावर कचरा जाळायला घनकचऱ्याच्या नियमांत बंदी आहे, हे आपल्या नोटीस बोर्डावर पण लावलंय. तरी जळतो. मी एक दिवस पहाटे साडेपाचला खाली जाऊन बघितलं तर दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे मावशींना पाला टाकायला आपण जागाच दिलेली नाही, घंटागाडीवाले पाल्याची पोती घेत नाहीत, मग त्या काय करणार. आणि दुसरं, रात्रपाळीच्या वॉचमनदादांची केबिन तीन बाजूंनी उघडी आहे, नऊ-दहा डिग्रीत ते रात्रभर तिथे बसतात, पाला पेटवून हात शेकतात. त्या धुरात सगळ्यात जवळ तेच बसलेले असतात. म्हणून दंड लावा, कॅमेरा लावा असं मी म्हणणार नाही. जाळीचे दोन पिंजरे करूया पाल्यासाठी, सहा बाय चारचे, थोडं शेण, थोडं ताक, अधूनमधून पाणी, पावसाळ्यापर्यंत खत होतं, पलीकडच्या सोसायटीत चाललंय, कुणाला बघायचं तर मी घेऊन जाते. आणि केबिनला दार, एक चांगला स्वेटर, जाड ब्लँकेट, गरम चहाचा थर्मास. फार झालं तर एका हळदीकुंकवाच्या वाणाएवढा खर्च प्रत्येक घरामागे. हवेचे आकडे आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या सफर प्रणालीवर फुकट दिसतात, थंडीत ज्या दिवशी वाईट असेल त्या दिवशी मुलांचं ग्राउंड आणि आजी-आजोबांचं फिरणं ऊन वर आल्यावर ठेवता येईल.

कबुतरांबद्दल थोडक्यात. डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या बोळात, सुकलेली विष्ठा आहे, तिची धूळ बाथरूमच्या खिडकीतून आत येते, आणि ती फुप्फुसाला कायमची इजा करू शकते, हे आता दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये एवढं कोर्टकचेरीपर्यंत गेलं तेव्हा सगळ्यांनी वाचलंय. डक्ट आधी पाणी मारून ओलं करून साफ करा, कोरडं खरवडू नका, मग जाळी. टेरेसवर दाणे टाकणाऱ्या आजींशी मी बोलेन, त्यांना रागावू नका, त्यांचं मन त्यात गुंतलंय.

आणखी एक साधी गोष्ट, रंगकाम, पेस्ट कंट्रोल, फरशी कापणं, गवत कापणं, यातलं काही होणार असेल तर आदल्या दिवशी लिफ्टमध्ये एक चिठ्ठी लावा. एवढंच. ज्याच्या घरी त्रास आहे तो खिडक्या लावेल, औषध आधी घेईल, मुलाला आजीकडे पाठवेल. मला १२ ऑगस्टला चिठ्ठी दिसली असती तर १३ ची रात्र तशी गेली नसती.

आणि मुलांच्या आईबाबांना सांगायचंय. माझी लेक खेळायला खाली येते तेव्हा तिच्या पिशवीत पंप असतो. काही मुलं तिला "पंपवाली" म्हणतात, आणि काही मोठी माणसं पण तिला सांगतात की बाळा याची सवय लागते, कमी घे. तिने ते ऐकून महिनाभर गुपचूप घेतला नव्हता, रिकामे पफ उडवायची, आणि त्यातूनच पुढचा अटॅक आला. पंपाची सवय लागत नाही. पंपातलं औषध गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं कारण ते जिथे हवं तिथेच जातं. नाकातला स्प्रे पण रोजचा आहे, बरं वाटलं की बंद करायचा नाही, तो काही दिवसांनी काम करायला लागतो. शिंका आल्या की मेडिकलमधून सेट्रिझिन आणून शाळेत जाणाऱ्या मुलाला रोज देणं, हे पण मी करून बसलेय, ती वर्गात पेंगायची आणि बाई वहीत शेरा लिहायच्या. तुमच्या घरी कुणाचं नाक दर वर्षी त्याच महिन्यात गळत असेल तर एक वही करा, मी माझी दाखवायला तयार आहे. आपल्या बी विंगमध्येच मी बोलले तर सात घरं निघाली. सात. प्रत्येकाला वाटत होतं आपल्याकडेच आहे.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता मागच्या प्लॉटच्या गेटपाशी भेटूया. पाऊस पडत असेल तर उलट बरं, माती मऊ असेल. मी २० जोडी रबरी हातमोजे आणि मास्क आणून ठेवलेत, बाई झाड ओळखून दाखवणार आहेत. पूर्ण बाहीचे जुने कपडे घाला. ज्यांना आधीच ॲलर्जी किंवा दमा आहे, कातडीला खाज येते, त्यांनी यायचं नाही, त्यांनी वर चहा करा. मुलांना आणू नका. अडीच तासांत भिंतीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतचं सगळं निघेल असं बाईंचं म्हणणं आहे.

आणि माळीकाकांना मी त्या दिवशी सुट्टी सांगितलीय. डॉक्टरांनी त्यांना या गवताच्या जवळ पण जायचं नाही असं बजावलंय. कुणी त्यांना फोन करून "जरा या हो मदतीला" असं बोलवू नका, ते नाही म्हणणार नाहीत, लगेच येतील.

तुमचीच,
बी विंग, चौथा मजला